पाटीलवहिनींच्या चौकटी

सिल्वासाला डोकमर्डीत आम्ही राहायचो, तेव्हा वरच्या मजल्यावर पाटीलवहिनी राहायच्या. त्यांच्याकडे केव्हाही जा, त्या स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभ्या असत. अर्ध्या ओट्यावर स्वयंपाक आणि उरलेल्या अर्ध्यावर, काळ्याभोर कडप्प्यावर, खडूनं आखलेल्या चौकटी. शेगडीवरची डाळ उतू जायला आली तरी वहिनींची नजर चौकटीतून हलायची नाही. मग फसकन आवाज व्हायचा, त्या एका हातानं झाकण काढायच्या आणि दुसऱ्या हातानं एखाद्या घरात फुली मारायच्या.

मी तिथल्या मराठी शाळेत शिकवायचे, आमचे हे प्रशासनाच्या कचेरीत. आम्ही दोघं कोकणातले. पाटील मंडळी अमळनेरकडची. पाटीलभाऊ मसाटच्या एका धाग्याच्या कारखान्यात मशीनवर होते. त्यांची मुलगी मनीषा माझ्याच शाळेत चौथीत होती. वहिनी मला ‘बाई’ म्हणायच्या आणि माझ्याकडून शाळेतले खडूचे तुकडे मागून घ्यायच्या. पहिल्यांदा मला वाटलं, मुलीचा अभ्यास घेत असतील. मुलीनंच खुलासा केला. आई आपल्याला गणिताचं उत्तर कधीच सांगत नाही, फक्त ‘कारण सांग’ म्हणते, अशी तिची तक्रार होती, आणि ती घेऊन ती वही काखोटीला मारून थेट माझ्याकडे खाली यायची.

तर हे खडू कोड्यांसाठी लागायचे. मुंबईहून एक साप्ताहिक यायचं, त्याच्या शेवटच्या पानावर चौकटीचं कोडं असे. पाच बहिणी, पाच गावं, पाच भाज्या. कुणाला कुठं दिलं आणि कुणाला कोणती भाजी आवडते ते शोधायचं. खाली सात-आठ सूत्रं दिलेली असायची. रमाला कारलं आवडत नाही. चोपड्याला दिलेली बहीण वांगं खाते. सरला चोपड्याला नाही. मी ते वाचून जे मनात येईल ते उत्तर ठोकून द्यायचे. वहिनींना ते मुळीच सहन व्हायचं नाही.

“अंदाज नका मारू बाई,” त्या म्हणायच्या. “फुली आधी मारायची. जे नाही, ते नाही, एवढं तर नक्की असतं ना? एका रांगेत चार फुल्या पडल्या की पाचव्या घराला बोलावंच लागतं.”

मॅट्रिकनंतर त्यांचं लग्न झालं होतं. गणितात त्या गावच्या शाळेत पहिल्या यायच्या, हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही, पाटीलभाऊंनी सांगितलं, तेही जरा तक्रारीच्या सुरात. कारण त्यांच्या घरात कुठलीच गोष्ट सरळ मिळत नसे. भाऊंनी विचारलं, माझा निळा शर्ट कुठं आहे, तर वहिनी म्हणायच्या, काल तुम्ही कोणता घातला होता, परवा पाऊस होता का, मग दोरीवर काय काय होतं. शर्ट सापडेपर्यंत भाऊंची कारखान्याची वेळ व्हायची. वहिनींचा उंच, हडकुळा बांधा, कपाळावर मोठं कुंकू, विचार करताना एका पायावर दुसरा पाय ठेवून उभं राहायची लकब. बसून त्यांना विचार करताच येत नसे. माणूस चांगलं, पण सोबत राहायला अवघड, असं मी आमच्या ह्यांना म्हटल्याचं आठवतं.

कोड्याला बक्षीस असायचं. वहिनींना ते कधी मिळालं नाही आणि त्यात त्यांचा काडीचा दोष नव्हता. साप्ताहिक मुंबईहून वापीला आणि वापीहून सिल्वासाच्या बसस्टँडवरच्या दुकानात येईपर्यंत शिळं झालेलं असे. दुकानदार गुजराती, त्याच्या लेखी मराठी अंक म्हणजे गठ्ठ्याच्या तळाशी टाकायची गोष्ट. वहिनी तासाभरात कोडं सोडवायच्या, पोस्टात टाकायच्या, पण मुदत टळलेली असायची. तरी टाकायच्या. पुढच्या अंकात विजेत्यांची नावं यायची, सगळी दादर, ठाणे, पुण्याची. ती त्या एकेक करून वाचायच्या आणि अंक घडी घालून माळ्यावर फेकायच्या.

शेवटी आमचे हे एकदा कामासाठी वापीला गेले होते, तेव्हा स्टेशनवरून अंक उतरल्या उतरल्या घेऊन आले. वहिनींनी तो जिन्यातच उघडला. त्या दिवशी पाटलांकडे स्वयंपाक झाला नाही, मनीषा आमच्याकडे जेवली. पाच घरं, पाच रंगांची दारं, पाच धंदे असं काहीतरी होतं. उत्तर त्याच दिवशी पोस्टात पडलं, वेळेवर. मग पुढच्या अंकाची वाट बघणं सुरू झालं. तो आला तेव्हा छापलेलं उत्तर वेगळंच होतं.

वहिनी अंक घेऊन खाली आल्या. रागावल्या होत्या असं म्हणता येणार नाही, त्या गोंधळल्या होत्या. तिसरं सूत्र स्वच्छ म्हणत होतं की डॉक्टरांच्या घराचं दार हिरवं नाही. आणि छापलेल्या उत्तरात डॉक्टर हिरव्या दाराच्या घरात होते. मी दोनदा वाचलं. चूक साप्ताहिकाची होती, एवढं माझ्यासारखीलाही दिसत होतं.

“चूक तर कोणाच्याही हातून होते,” वहिनी म्हणाल्या. “पण एवढ्या लोकांची उत्तरं बरोबर आली म्हणून नावं छापली आहेत. त्यांनी डॉक्टरला हिरव्या दारात कसं काय बसवलं? कोणत्या कारणानं?”

त्यांनी संपादकांना कार्ड लिहिलं. मग दुसरं लिहिलं. उत्तर आलं नाही. पाटीलभाऊ म्हणाले, चिठ्ठ्या उचलत असतील, कोण तपासतंय. वहिनी त्यांच्याकडे अशा बघत राहिल्या की भाऊ उठून बाहेर गेले. पुढचे कितीतरी दिवस वहिनींच्या बोलण्यात तो डॉक्टर मधूनच उगवायचा. भाजी निवडता निवडता त्या थांबायच्या आणि म्हणायच्या, “हिरवं नाही असं त्यांनीच सांगितलं होतं बाई.” मला खरं सांगायचं तर कंटाळा यायचा. पण वहिनींना खरोखर त्रास होत होता.

आमच्या इमारतीत चार बिऱ्हाडं. खाली आम्ही आणि देसाई, वर पाटील आणि त्यांच्या शेजारच्या खोलीत कारखान्यातली दोन तरुण मुलं. देसायांकडे वीणाबेन, त्यांचे यजमान आणि यजमानांची आई. आईला सगळेच ‘बा’ म्हणत. बा रोज सकाळी काठी टेकत गच्चीवर जायच्या, पाखरांना दाणे टाकायच्या, कुंडीला पाणी घालायच्या आणि उन्हात बसून राहायच्या.

एका वर्षी गच्चीवरची टाकी सकाळी सकाळी रिकामी सापडायला लागली. टाकीच्या बुडाशी एक नळ होता, तो कुणीतरी उघडा टाकत होतं आणि पाणी मागच्या पन्हळीतून वाहून जात होतं. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा मालक वापीहून आले आणि म्हणाले की कोण ते सांगा, नाहीतर सगळ्यांचं पाणी दिवसातून एकदाच सोडीन. मालक गेल्यावर चारही बिऱ्हाडं जिन्यात जमली. आवाज चढले. वीणाबेन त्या दोन मुलांवर घसरल्या, मुलं आमच्याकडे बघायला लागली.

वहिनी वरून खडू घेऊन आल्या. जिन्याच्या फरशीवर त्यांनी चौकट आखली, जसं काही शेवटच्या पानावरचं कोडं, आणि मोठ्यानं बोलत घरं भरायला लागल्या. पहिल्यांदा टाकी रिकामी झाली तेव्हा बाईंचं घर गणपतीला कोकणात गेलं होतं, फुली. दुसऱ्यांदा आम्ही अमळनेरला लग्नाला होतो, आम्हाला फुली. तिसऱ्यांदा ही मुलं रात्रपाळीला होती, आठला परतली, टाकी त्याआधीच रिकामी होती, त्यांना फुली. उरले देसाई. देसाईभाई पहाटेच दुकानावर जातात, वीणाबेनचे गुडघे दुखतात, त्या गच्चीवर चढतच नाहीत.

इथपर्यंत आल्यावर त्यांनी थांबायला हवं होतं. मला ते कळत होतं, जिन्यातल्या प्रत्येकाला कळत होतं. फक्त वहिनींना कळलं नाही. त्यांच्यासाठी ते एक रिकामं घर होतं आणि ते भरायचं राहिलं होतं.

“बा,” त्या म्हणाल्या.

बा दाराच्या आतच उभ्या होत्या. त्यांना मराठी समजायचं. त्या काठीवरचा हात सारखा बदलत राहिल्या. वीणाबेननी दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी गच्चीच्या दाराला कुलूप लागलं, किल्ली देसाईभाईंकडे. टाकी पुन्हा कधी रिकामी झाली नाही. बा मात्र त्यानंतर खिडकीशी बसलेल्या दिसायच्या, तिथं ऊन येत नसे. वीणाबेननी पाटलांशी बोलणं टाकलं. संक्रांतीला त्यांनी आम्हाला चिक्की दिली आणि वर दिली नाही.

वहिनी एक दिवस माझ्याकडे आल्या आणि नेहमीसारख्या उभ्याच राहिल्या.

“उत्तर बरोबर होतं ना बाई?”

“बरोबर होतं.”

“मग?”

मी म्हटलं, वहिनी, बा म्हातारी आहे, तिला विसर पडतो. त्या म्हणाल्या, ते तर आपल्यालाही कळतं, पण मालकानं पाणी तोडलं असतं तर चार घरांनी काय करायचं होतं. त्यांचंही खोटं नव्हतं. त्या चहा न घेताच वर गेल्या. कोड्याचा अंक त्या पुढेही आणत राहिल्या, पण सोडवताना आता दार लोटून घ्यायच्या.

त्यानंतर वर्षा-दोन वर्षांनी, नव्वदीच्या सुरुवातीला, मसाटचे काही कारखाने बंद पडायला लागले होते. करसवलतींची मुदत संपली की मालक लोक यंत्रं उचलून दुसरीकडे जायचे. आमचे हे कचेरीत ऐकून येत, पण कुठला कारखाना, कधी, हे नक्की कुणाला माहीत नसायचं. पाटीलभाऊ रोज डबा घेऊन सायकलवर निघायचे, तेव्हा आम्हाला शंका यायचं कारण नव्हतं.

दिवाळी होऊन गेल्यावर एका दुपारी वहिनींनी मला वर बोलावलं. ओटा पुसलेला होता, नुकताच, अजून ओला. खडूची पांढरी रेघ कडेला राहिली होती.

“मी उत्तर काढलं बाई,” त्या म्हणाल्या.

मला वाटलं साप्ताहिकातलं. त्या नाही म्हणाल्या.

“ह्यांचं काम गेलं आहे. हे खोटं बोलून राहिले माझ्याशी.”

मग त्यांनी एकेक सूत्र सांगितलं, आवाज न चढवता. शिफ्ट दर आठवड्याला बदलते, पण गेले कित्येक आठवडे भाऊ पहिल्याच शिफ्टला जात होते. शर्टाला कारखान्यातल्या तेलाचा वास यायचा, तो येईनासा झाला होता, आता नुसती धूळ असायची. डबा पूर्वी खरकटा यायचा, आता कुठल्या तरी नळावर धुतलेला येत होता. दिवाळीला कारखान्यातून मिठाईचं खोकं यायचं, ते यंदा भाऊंनी बाजारातून आणलं, वहिनींनी हलवायाचा कागद ओळखला. घरखर्चाला ते देत होते, बहुधा कारखान्यानं शेवटी जो हिशेब केला त्यातून.

मी म्हटलं, “विचारलंत का त्यांना?”

“नाही.”

“का?”

“मागे एकदा उत्तर सांगून बघितलं ना मी.”

हे त्या अगदी साधेपणानं म्हणाल्या. मीही कुणाला सांगितलं नाही, आमच्या ह्यांना सोडून. ह्यांनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं की दमणगंगेच्या पुलाजवळ झाडाखाली पाटील बसलेले दिसले, सायकल शेजारी टेकवलेली, डबा हँडलला.

तेव्हापासून वहिनींचे ते दिवस बघणं कठीण होतं. सकाळी त्या उठायच्या, भाकऱ्या थापायच्या, डबा भरायच्या आणि माणूस कुठं जाणार आहे हे माहीत असून त्याच्या हातात द्यायच्या. वरून भांडी आपटल्याचे आवाज यायचे. मनीषावर त्या विनाकारण ओरडायच्या. साप्ताहिक यायचं आणि घडी न मोडता पडून राहायचं. मी एकदा म्हटलं, निदान कोडं तरी सोडवा, मन रमेल. त्या फणकारल्या, म्हणाल्या की एक सोडवलेलं उरावर बसलं आहे तेवढं पुरे. भाऊ आपण होऊन सांगतील, याची त्या वाट बघत होत्या. रोज संध्याकाळी सायकल लावल्याचा आवाज आला की त्या दाराशी जायच्या, आणि भाऊ म्हणायचे, आज मशीननं फार दमवलं.

एके सकाळी मी शाळेला निघाले होते. जिन्यावरून भाऊ उतरत होते आणि त्यांच्या मागून वहिनी, पायात चपला, खांद्यावर पदर.

“चला, मी पण येते,” त्या म्हणाल्या. “कारखान्याच्या गेटपर्यंत.”

भाऊ मधल्या पायरीवर थांबले. मागे वळले नाहीत. मग तिथंच खाली बसले, डबा मांडीवर घेऊन. वहिनी त्यांच्या शेजारी बसल्या. बसून राहिलेल्या वहिनी मी तेव्हा पहिल्यांदा बघितल्या असतील. मला ना बाहेर पडता येत होतं ना परत घरात जाता.

“तुले कधी समजनं?” भाऊंनी विचारलं. घरात ते अहिराणी बोलायचे.

“दिवाळीतच.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही बोलाल म्हणून थांबले.”

मला वाटलं, आता भाऊ रडतील, मोकळे होतील, आणि हे एकदाचं संपेल. पण त्यांचा चेहरा हळूहळू आवळत गेला.

“म्हणजे रोज मी उन्हात त्या नदीवर बसून राहायचो,” ते म्हणाले, “आणि तू इथं बसून सगळं ओळखून होतीस. डबा भरून देत होतीस.”

देसायांचं दार उघडलं आणि बा काठी टेकत उंबऱ्यात आल्या. जिन्यातल्या त्या दिवसानंतर त्यांनी पाटलांकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. “पगथिया पर केम बेठा छो?” पायरीवर का बसलात, असं त्या विचारत होत्या. “अंदर आवो.” भाऊ उठले आणि खरोखरच बांच्या घरात गेले. वीणाबेननी त्यांना चहा दिला. वहिनी पायरीवरच राहिल्या. त्यांना बोलावलं नव्हतं असं नाही, पण त्या गेल्या नाहीत.

त्यानंतर भाऊ वहिनींशी बोलेनासे झाले. जेवायचे, मनीषाचा अभ्यास बघायचे, काम शोधायला नरोलीकडे चकरा मारायचे, आता उघडपणे. पण वहिनींशी शब्द नाही. आम्ही दोघांनीही त्यांना समजावून पाहिलं. भाऊ म्हणाले, काम गेल्याचं दुःख त्यांना होतंच, ते पेलता आलं असतं. पण आपण रोज निघायचो तेव्हा बायकोच्या मनात काय चाललं असेल, हे आठवलं की अंगाची आग होते. ती आपल्याला तपासत होती, असं त्यांचं म्हणणं.

वहिनी माझ्या स्वयंपाकघरात आल्या, एका पायावर दुसरा पाय ठेवून उभ्या राहिल्या.

“बाच्या वेळी सांगितलं, चुकलं. ह्यांच्या वेळी नाही सांगितलं, तरी चुकलं. मग बाई, माणसानं काढलेल्या उत्तराचं करायचं तरी काय?”

त्या वेळी मला त्यांचा राग आला होता आणि भाऊंचाही. दोघंही आपापल्या जागी इतके बरोबर होते की मधे शिरायला कुणाला वावच नव्हता. मी पोळ्या लाटत राहिले. वहिनींनी न विचारता त्या तव्यावर टाकायला सुरुवात केली. आम्ही दोघी तशाच काम करत राहिलो.

भाऊंना धुळ्याकडच्या एका सूतगिरणीत काम लागल्याचं पत्र उन्हाळ्यात आलं. ते वाचून त्यांनी वहिनींना सांगितलं, “सामान बांध.” कित्येक आठवड्यांनी बोललेलं ते पहिलं वाक्य, असं वहिनींनीच मला सांगितलं आणि त्या हसल्या नाहीत.

जायच्या दिवशी सगळंच बिनसत गेलं. टेम्पोवाला उशिरा आला. कपाट जिन्यात अडकलं. वहिनींनी कोणती वस्तू आधी आणि कोणती नंतर चढवायची ते ठरवून ठेवलं होतं, पण त्या दोन मुलांनी आणि हमालानं हाताला येईल ते चढवलं, त्यामुळे शेवटी पलंग मावेना. सगळं उतरवून पुन्हा चढवावं लागलं. वहिनी कमालीच्या चिडल्या होत्या. बांना आणि वीणाबेनना त्यांनी वाकून नमस्कार केला, तोही घाईघाईनं. माझ्याशी नीट बोलायचं राहूनच गेलं. मनीषा मात्र मला बिलगून रडली.

टेम्पो गल्लीत तोंड आत करून उभा होता आणि वळायला जागा नव्हती. गल्लीच्या तोंडापर्यंत त्याला उलटंच जावं लागणार होतं. पुढे ड्रायव्हर, त्याच्या शेजारी मांडीवर मनीषाला घेऊन भाऊ आणि कडेला वहिनी. टेम्पो मागे मागे जाऊ लागला, त्यामुळे त्यांची तोंडं आमच्याकडेच होती आणि तशीच लांब जात होती. आम्ही सगळे फाटकाशी हात हलवत उभे होतो. वहिनींना मात्र आमच्याकडे बघायला सवड नव्हती. त्या खिडकीतून अर्ध्या बाहेर वाकून मागे बघत होत्या आणि ड्रायव्हरला ओरडून सांगत होत्या, डावीकडे घ्या, अजून, थांबा, तिथं गटार आहे. ड्रायव्हर ऐकत नव्हता. भाऊंनी एक हात मुलीभोवती धरला होता. दुसऱ्या हातानं त्यांनी वहिनींचा दंड घट्ट पकडला होता, त्या पडू नयेत म्हणून. कोपऱ्यावर टेम्पो वळला.